दोनशे सतरा नंबरचा पुरुष

१

कागदावर ती बाई पुरुष होती. वय त्रेचाळीस, एकटा, कारण दारू, आणि शेवटच्या रकान्यात शेरा : ‘स्वखुशीने रस्त्यावर राहतो.’

प्रत्यक्षात ती टेबलापुढे उभी होती. तिच्या मागे तिची बाही धरून तिची मुलगी उभी होती. बाईच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दुसरी पिशवी आणि त्या पिशवीत जपून ठेवलेली चिठ्ठी होती. चिठ्ठीवर लिहिलेलं : विभाग सात, क्रमांक दोनशे सतरा.

गेल्या महिन्यात शहरातल्या बेघरांची गणना झाली होती. गणक फुटपाथवर, पुलाखाली, मंडईच्या मागे जाऊन एकेका माणसाचा अर्ज भरायचे आणि अर्जावरचाच क्रमांक चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात द्यायचे. तोच माणूस दुसऱ्यांदा मोजला जाऊ नये म्हणून. तेव्हा दोनशे सतराची चिठ्ठी ज्याच्या हातात, दोनशे सतराचा अर्ज त्याचाच. यात फरक पडायला वावच नव्हता.

“वय काय तुमचं?” टेबलामागच्या बाईंनी विचारलं.

“लिहा चाळीस.”

“नक्की?”

“मागच्या खेपेला पण चाळीसच लिहिलं होतं त्यांनी. बरं आहे ते, राहू द्या.”

टेबलामागच्या बाईंना गणना कार्यालयात सगळे चाळणीबाई म्हणत. भरलेला प्रत्येक अर्ज त्यांच्या हाताखालून जाई आणि खोट्याचा खडा त्यांच्याकडून सहसा सुटत नसे. वीस वर्षं त्या हेच करत होत्या आणि वीस वर्षांत माणसांबद्दलचं त्यांचं मत काही सुधारलं नव्हतं. या वेळी सहा विभाग तपासून झाले होते. सातवा हातात घेणार तोच साहेबांचा निरोप आला होता, वेळ नाही, सातवा तसाच पुढे जाऊ द्या.

“बाहेर यादी लागलीय,” ती बाई म्हणाली. “सातव्यात बायका अकराच, म्हणून निवारा नाही. अहो, आमच्या मंडईच्या मागे सकाळी नळावरच आम्ही तीस-चाळीस जणी असतो!”

नियम साधा होता. ज्या विभागात शंभराच्या वर बेघर बायका, तिथे बायकांसाठी निवारा उघडायचाच. सातव्यातली बंद पडलेली शाळा त्यासाठी राखून ठेवली होती. आज चार वाजता समितीची बैठक होती. शंभर बायका नसतील, तर शाळा दुसऱ्या कामाला मोकळी.

“मला खाट नको, पंखा नको,” बाई म्हणाली. “आतून कडी लागेल असं दार पाहिजे. पोरगी मोठी होतेय. मी जागी असते तोवर ठीक आहे. पण कधीतरी डोळा लागतोच ना हो?”

चाळणीबाईंनी बसायला खुर्ची पुढे केली आणि त्यांचं लक्ष गेलं. खुर्चीवर कुणीतरी घाईघाईने वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं. बाईला बसवायचं, पण खुर्चीला ती लागायला नको. त्यांना शिसारी आली. त्यांनी तो कागद चुरगाळून टोपलीत टाकला आणि सातव्या विभागाचा गठ्ठा सोडला.

चारशे बारा अर्ज. त्यांनी दोनदा मोजले. एकही अर्ज गायब नव्हता. गायब झाल्या होत्या त्या बायका.

२

गठ्ठे ज्या कपाटात असत त्याची किल्ली भांडारवाल्याच्या गळ्यात असे. अंघोळीलाही तो ती काढत नाही, अशी त्याची थट्टा व्हायची.

“वर्तमानपत्र तुम्ही अंथरलंत?” चाळणीबाईंनी आधी तेच विचारलं.

“साहेबांची ऑर्डर आहे बाई. मला कशाला बोलता?”

“सातवा गठ्ठा कुणी कुणी नेला?”

त्याने नोंदवही उघडली. एकदा गणनेच्या ताईने, तासाभरासाठी. एकदा साहेबांनी, गुरुवारी नेला आणि शनिवारी परत केला. तिसरं कुणी नाही.

“मला यात ओढू नका,” भांडारवाला म्हणाला. “पुढच्या वर्षी घरी बसवतायत मला. तेही कुठल्या तारखेवर? आई म्हणायची, मोठा पूर आला त्या साली तू झालास. मास्तरांनी शाळेत एक तारीख ठोकून दिली, तीच आता माझ्या मुळावर आलीय.”

गणनेची ताई जिन्यात भेटली. सातव्या विभागातल्या सगळ्या गणकांवर तीच देखरेख करत होती. आठवड्यापूर्वी साहेबांशी तिची जुंपली आणि तिला गणनेवरून काढून टाकलं. आज ती उरलेलं सामान न्यायला आली होती.

“अकरा?” ती इतक्या जोरात ओरडली की जिन्यात आवाज घुमला. “माझ्या डायरीत एकशे अडतीस बायका आहेत! शंभरावर अडतीस!”

“डायरी तुझी आहे. आज सकाळीही लिहिता येते. आणि साहेबांवर तुझा राग आहे.”

ताईचा चेहरा उतरला. “तुम्हीसुद्धा?”

“मी सगळ्यांनाच विचारणार. तू गठ्ठा कशाला नेला होतास?”

“एका अर्जाचं पान फाटलं होतं, ते चिकटवायला. तुम्हीच तर पाठवलं होतंत!”

ते खरं होतं. चाळणीबाईंनी मान हलवली. मग त्यांनी मंडईमागच्या बाईला आणि तिच्या मुलीला ताईच्या हवाली केलं आणि ताईच्या कानात एक काम सांगितलं. ऐकता ऐकता ताईचे डोळे मोठे झाले.

“चारच्या आत?”

“चारच्या आत. निघ आता.”

३

साहेबांच्या केबिनमध्ये गुलाबाचा वास इतका भरला होता की डोकं उठावं. टेबलावर सुगंधी फवाऱ्याचा डबा होता. बेघरांच्या गणनेचा प्रमुख बेघर माणूस दारापर्यंत आला की केबिनभर गुलाब फवारतो, हे बघून चाळणीबाईंनी आधी खिडकी उघडली.

“ती बाई गेली का?” साहेबांनी विचारलं.

“गेली. तिच्या अर्जावर पुरुष कसा आला?”

“अहो, फुटपाथवरचं काम आहे. चुका होणारच. मी स्वतः गणक म्हणून सुरुवात केलीय. एका वस्तीत गेलो तर अख्खी गल्ली चाळिशीची! आजोबा चाळीस, नातू चाळीस! त्यांना काय माहीत आपण कधी जन्मलो ते? आपण आपलं लिहून घ्यायचं.” ते पोट हलवून हसले.

चाळणीबाई हसल्या नाहीत. “गुरुवार ते शनिवार गठ्ठा तुमच्याकडे होता.”

“इथेच. या कपाटात. केबिनबाहेर गेला नाही.”

“शाळा मोकळी झाली तर तिथे वाहनतळ करावा, असा तुमच्या मेहुण्याचा अर्ज आहे म्हणे.”

साहेबांचं हसू मावळलं. “मेहुणा काय, शंभर जागी अर्ज करतो. त्याचं सगळं माझ्या माथी मारणार का? मला चार वाजता बैठक आहे, बाई. तुम्ही या.”

चाळणीबाई बाहेर आल्या. दाराशीच भांडारवाला उभा होता. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“बाई, मघाशी बोललो नाही. गुरुवारी साहेबांच्या ड्रायव्हरने एक गठ्ठा गाडीत ठेवला. लाल दोरी होती. सातव्याचीच दोरी लाल आहे.”

४

ड्रायव्हरला चहा पाजल्यावर कळलं की गाडी मेहुण्याकडे गेली नव्हती. ती सल्लागाराच्या कार्यालयात गेली होती.

सल्लागार म्हणजे शहरातला बेघरांवरचा सर्वांत मोठा जाणकार. परिषदा, भाषणं, भिंतीवर सत्काराचे फोटो. बेघर हा शब्द तो असा उच्चारायचा की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत. गणनेचा अर्जही त्यानेच तयार केला होता. त्याच्या कार्यालयात गालिचा होता आणि दारात चपला काढायला लावत. भिंतीवर रंगीत तक्ते होते : बेघर किती, पुरुष किती, कारणं कोणती, वय वीस ते एकोणतीस, तीस ते एकोणचाळीस, चाळीस ते एकोणपन्नास. एका लांब टेबलाशी चार-पाच कर्मचारी बसले होते.

“गुरुवारी काय काम चाललं होतं हो इथे?” चाळणीबाईंनी त्यातल्या एकीला सहज विचारलं.

“सराव. सरांनी कोरे अर्ज दिले, नमुन्यादाखल भरायला. क्रमांक सर देतात, बाकीचं आपल्या मनाने. फक्त सगळे पुरुष घ्यायचे आणि कारण दारू. मी एकटीने तीस माणसं बनवली,” ती कौतुकाने म्हणाली. “वेगवेगळी वयं घ्या, खरी वाटली पाहिजेत, असं सरांनी सांगितलं होतं.”

इतक्यात सल्लागार बाहेर आला. “या, या! तुमच्यासारख्या तळागाळात काम करणाऱ्यांबद्दल मला अतिशय आदर आहे.”

“सातव्या विभागाचे अर्ज बघितलेत का तुम्ही?”

“मी कच्चे अर्ज कधीच बघत नाही. मला तक्ते पुरतात. अर्जांना एक, काय म्हणू, वास असतो.” त्याने नाजूकपणे नाकाला रुमाल लावला. “पण सातव्याचे आकडे माझ्याच मांडणीला पुष्टी देतात. एकटा पुरुष, व्यसन, आणि घराबद्दलची मूलभूत अनिच्छा. यावर मी पुस्तक लिहितोय.”

चाळणीबाईंचं लक्ष त्याच्या मागे होतं. काचेच्या पेटीत पुठ्ठ्याची एक सुबक इमारत होती. हिरवळ, छोटी झाडं, बाकांवर बोटाएवढी माणसं. खाली पाटी : ‘बेघर अभ्यास केंद्र’.

इमारतीचा जिना डावीकडून वर चढत होता आणि मध्येच वळला होता. चाळणीबाईंनी तो जिना ओळखला. सातव्या विभागातल्या बंद शाळेचा तो जिना होता.

५

दीड वाजला होता. चाळणीबाईंनी खोलीचं दार लावलं आणि सहाव्या विभागाचा गठ्ठा सातव्याच्या शेजारी ठेवला. सरावाच्या अर्जांबद्दल सल्लागाराकडची ती मुलगी समितीपुढे तोंड उघडेल याची खात्री नव्हती. नोकरी जायची भीती कुणाला नसते? बोलायला हवं होतं ते कागदांनीच.

आधी त्यांनी अर्ज पालथे घालून त्यांवरून बोट फिरवलं. रस्त्यावर भरलेला अर्ज गुडघ्यावर, पायरीवर, कट्ट्यावर ठेवून भरलेला असतो. पेन खाचेत घुसतं, कागदाला भोकं पडतात, मागून सगळं खरबरीत लागतं. सातव्यातले निम्म्याहून जास्त अर्ज तसेच होते. पण मधले काही अगदी गुळगुळीत होते, टेबलावर बसून आरामात भरलेले. त्यांनी ते वेगळे काढले. एकशे सत्तावीस. सगळे पुरुष, सगळे दारूडे, सगळे स्वखुशीने रस्त्यावर. एकशे सत्तावीस आणि अकरा, एकशे अडतीस. ताईची डायरी खरी होती.

पण गुळगुळीत कागद हा पुरावा म्हणून लंगडा होता. सल्लागार म्हणेल, बाकावर बसून भरले असतील. आणि भरले कुणी? साहेबही भरवून घेऊ शकत होते. गठ्ठा त्यांनीच नेला होता, वर खोटंही बोलले होते.

मग त्या वय वाचू लागल्या. सहावा विभाग : चाळीस, पन्नास, तीस, पस्तीस, साठ, चाळीस, पन्नास. सातव्यातले खरबरीत अर्ज : पन्नास, तीस, चाळीस, पंचेचाळीस, साठ. आणि गुळगुळीत अर्ज : त्रेचाळीस, सदतीस, एकोणतीस, बावन्न, एकेचाळीस, छत्तीस.

चाळणीबाईंनी चष्मा काढला. त्यांना हसू आलं आणि हसता हसता कसंतरीच झालं.

ज्याच्याकडे जन्माचा दाखला नाही, जन्मदिवस कुणी कधी लक्षात ठेवलेला नाही, तो आपलं वय अंदाजाने सांगतो. चाळीस लिहा, पन्नास लिहा. रस्त्यावर त्रेचाळीस वर्षांचा माणूस सहसा सापडत नाही. हे ताईला माहीत होतं, हजारो अर्ज तिने भरले होते. साहेबांनाही माहीत होतं, अख्खी गल्ली चाळिशीची म्हणून तेच तर हसले होते. भांडारवाल्याचं तर स्वतःचंच वय ठोकून दिलेलं.

ज्याला माहीत नव्हतं असा एकच जण होता. त्याने आयुष्यभर फक्त तक्ते वाचले. तक्त्यात तीस ते एकोणचाळीस असा गट असतो. आतले बहुतेक सगळे नेमक्या तीसवर ढीग लावून बसलेले असतात, ते तिथे दिसतच नाही. म्हणून खरी वाटावीत अशी वयं त्याने भरायला सांगितली, आणि तीच खोटी ठरली.

आता फक्त ताई वेळेवर यायला हवी होती. पावणेचार झाले. ताईचा पत्ता नव्हता.

६

समितीच्या दालनात बिस्किटांच्या बशा मांडल्या होत्या. अध्यक्षबाई मधोमध बसल्या होत्या, एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला सल्लागार. तो बेघरांच्या आत्मसन्मानाबद्दल बोलत होता. चाळणीबाई कोपऱ्यात गठ्ठा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ज्या माणसाने सव्वाशे बायका खोडून टाकल्या त्याचा आवाज भरून येतो कसा, हे त्यांना कळेना.

“तर सातव्यात महिला फक्त अकरा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “निवाऱ्याचा प्रश्न येत नाही. शाळा अभ्यास केंद्राला—”

दार उघडलं. पहारेकरी कुणालातरी अडवत होता. “अहो, किती जणी आहात? सगळ्यांना आत नाही सोडता येणार!”

“प्रत्येकीकडे सरकारी चिठ्ठी आहे,” ताईचा आवाज आला. “अडवायचं तर लेखी द्या!”

त्या आत आल्या. दालनाच्या भिंतीलगत उभ्या राहिल्या, मग खुर्च्यांच्या मध्ये, मग दारात, मग बाहेर जिन्यावर. साहेबांचा हात नकळत खिशाकडे गेला, पण फवारा केबिनमध्ये राहिला होता.

चाळणीबाई उठल्या. “अध्यक्षबाई, दहा मिनिटं द्या. मी फक्त अर्ज वाचते.” त्यांनी वरचा कागद उचलला. “क्रमांक दोनशे सतरा. पुरुष, वय त्रेचाळीस, कारण दारू.”

मंडईमागच्या बाईने चिठ्ठी वर केली. “मी. दारू नाही. नवरा गेला, तेराव्या दिवशी दिराने कुलूप बदललं.”

“दोनशे अठरा. पुरुष, सदतीस, दारू.”

एक म्हातारी पुढे आली. “मी हो. एकाच घरी स्वयंपाक केला, मागल्या खोलीत राहायचे. हात थरथरायला लागले, काम सुटलं. काम सुटलं तशी खोली सुटली.”

“दोनशे वीस. पुरुष, एकोणतीस, दारू.”

“दारू तो पितो,” एक कडेवर मूल घेतलेली बाई म्हणाली. “मार मी खाल्ला. म्हणून निघाले.”

“दोनशे एकवीस. पुरुष, बावन्न.”

“आमची चाळ पाडली. नवी खोली देतो म्हणाले. सहा वर्षं झाली.”

दालनात कुणी बिस्किटाला हात लावत नव्हतं. अठ्ठाविसाव्या अर्जाला अध्यक्षबाईंनी हात वर केला. “पुरे. बाकीच्या मोजून घ्या.” चिठ्ठ्या मोजल्या गेल्या. सगळ्या मिळून एकशे एकोणीस.

“ही डेटाची गडबड आहे,” सल्लागार म्हणाला. “मी तर अर्जांना स्पर्शही—”

“यांना सगळ्यांना वय विचारा,” चाळणीबाई म्हणाल्या. “कुणी चाळीस सांगेल, कुणी पन्नास. त्रेचाळीस कुणी सांगणार नाही. या कार्यालयातल्या शिपायालाही हे कळतं. तुम्हाला कळत नाही, कारण तुम्ही यांच्यापैकी एकीशीही कधी बोलला नाहीत. पुस्तक लिहिताय म्हणे यांच्यावर!” मग त्या साहेबांकडे वळल्या. “गुरुवारी लाल दोरीचा गठ्ठा गाडीतून कुठे गेला? तुम्ही सांगता की ड्रायव्हरला बोलावू?”

साहेबांनी एकदा अध्यक्षबाईंकडे आणि एकदा भिंतीलगतच्या बायकांकडे बघितलं. मग त्यांनी लगेच अंग काढून घेतलं. “यांच्याकडेच पाठवला होता. अहवालाची सजावट करतो म्हणाले. मला काय ठाऊक हे असलं काही करतील!”

सल्लागाराने रुमाल नाकाला लावला आणि या वेळी तो काढलाच नाही.

७

खरे अर्ज सापडले नाहीत. ते त्याने जाळले असावेत. सल्लागार प्रकृतीच्या कारणाने समितीतून बाहेर पडला, म्हणजे तसं पत्र निघालं. साहेबांची बदली झाली, तीही बढतीवर. चाळणीबाईंनी ते पत्र वाचलं आणि हात धुऊन आल्या.

निवारा मात्र उघडला. पहिल्या दिवशी मंडईमागची बाई मुलीला घेऊन वर्गात आली, दार लावलं, आणि तशीच उभी राहिली. शाळेच्या वर्गांना कड्या बाहेरूनच होत्या. पोरांना आत कोंडायला लागतात तशा. आतून लावायची सोय कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. मागणी अर्जावर लिहून द्या, महिनाभरात बघू, असं उत्तर आलं.

संध्याकाळी चाळणीबाई स्वतः बाजारातून कड्या घेऊन आल्या. सोबत भांडारवाला होता, स्क्रूड्रायव्हर घेऊन. त्याने घाम गाळत आठ दारांना आतून आठ कड्या बसवल्या. काम संपल्यावर चाळणीबाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली. खुर्चीवर काही अंथरलं नव्हतं. तो थोडा ओशाळला आणि बसला.

“लावून बघ ग,” आई मुलीला म्हणाली आणि चाळणीबाईंबरोबर बाहेर व्हरांड्यात आली. दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

मग आईने दारावर हळूच थाप मारली.

आतून मुलीचा आवाज आला. मोठा होता आणि जरा दरडावणारा.

“कोण आहे?”

आईने डोळे पुसले आणि पुन्हा थाप मारली, पोरीने पुन्हा विचारावं म्हणून.